अन्नपूर्णाबाईंची मुलगी

१

दुपारची भांडी झाली, आत्याबाई खाटेवर आडव्या झाल्या आणि माणिक झोळीत झोपली, की मी पुढच्या खोलीत चटई अंथरायची. चटईवर पाट, पाटावर दौत आणि टाक. डाव्या हाताला जुनी वही, उजव्या हाताला कोरी. शाळेची मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की बसायचं आणि माणिक उठली की उठायचं. आंजीला शाळेच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. हे त्याच शाळेत मास्तर, आणि आत्याबाई यांच्या आत्या.

काम लीनाताईंचं होतं. लीनाताई वर्ध्याच्या, खूप शिकलेल्या. जिल्ह्यातल्या बायकांचा इतिहास लिहायचा म्हणून त्या गावोगाव फिरून बायकांच्या रोजनिशा गोळा करत होत्या. "पुरुषांचं सगळं छापून झालंय, कांता," त्या म्हणायच्या. "बायकांचं बघायचं तर त्यांच्या ट्रंकाच उघडाव्या लागतात." तळेगावच्या एका घरी त्यांना अशा पाच वह्या मिळाल्या. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पान उलटलं की तुकडा हातात यायचा. म्हणून नक्कल करून हवी होती. सातवीच्या फायनलला मला अक्षराचं बक्षीस होतं, ते यांनीच त्यांना सांगितलं. लग्नानंतर मला पहिल्यांदाच कोणी काही लिहायला सांगत होतं.

त्यांचे नियम दोनच. जसं आहे तसं उतरवायचं, चुकीसकट. आणि पुढचं पान आधी वाचायचं नाही. "पुढचं कळलं की हात आपसूक सुधारणा करतो. मोठमोठ्यांचा करतो," त्या म्हणाल्या.

वह्या अन्नपूर्णाबाई नावाच्या बाईच्या. सातव्या वर्षी लग्न, नवव्या वर्षी कपाळ पांढरं. भावाच्या घरून त्या गावाबाहेरच्या सूतकेंद्रात राहायला गेल्या आणि अडतीस साली तिथंच वारल्या. केंद्राचा नियम असा, की प्रत्येकीनं रोजची रोजनिशी लिहायची आणि शनिवारी व्यवस्थापकांची सही घ्यायची. आता परक्या पुरुषाची सही घ्यायची म्हटल्यावर कोण मनातलं लिहिणार? "प्रार्थना. तार ६४०. डाळ निवडली. भांडी." तार म्हणजे त्या दिवशी कातलेलं सूत. चार वह्या असंच. लीनाताई म्हणायच्या, "चार वर्षं लिहिलंय आणि बाई त्यात कुठंच नाही."

पाचवी वही अडतीस सालची. ती उघडली तेव्हा पंचावन्न साल लागलं होतं, आणि पाहते तर दोन्ही वर्षांचे वार सारखे. एक जानेवारीला शनिवार, तिथंही शनिवार. मला गंमत वाटली. मी ठरवलं, ज्या दिवसाचं पान त्याच दिवशी उतरवायचं. जणू ती बाई आपल्या शेजारी बसून लिहिते आहे.

ती गंमत माझीच होती, हे लिहून ठेवते.

२

माणिकच्या आधी आम्हाला मुलगा होता. नववा महिना लागला आणि तीन दिवसांच्या तापात गेला. त्याच्याविषयी एवढंच.

माणिक झाली तेव्हा पाचवीलाच आत्याबाईंनी विषय काढला. "पोरीले सुपात घाल न् कोनाच्या तरी ओटीत टाक. शकुबाईले दे. तिचे सहाच्या सहा जित्ते हायेत. मंग कोंडा देऊन वापस घेजो. पोर दुसऱ्याची झाली का तिले हुडकत कोनी येत नाई."

हे जेवत होते. "मी वर्गात पोरांना हे सगळं खोटं म्हणून शिकवतो. माझ्याच घरी सूप काढू नका," म्हणाले.

"तुया शाळेत पोरं मरत नाईत, मास्तर," आत्याबाई म्हणाल्या. "घरी मरतात."

यांनी हात धुतले. विषय तिथंच राहिला.

अठरा जानेवारी, मंगळवार. माणिकच्या तापाचा तिसरा दिवस. हे औषध आणायला सायकलनं सेवाग्रामला गेले होते. पोरगी मांडीवर, अंग तव्यासारखं. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून जप करत होत्या. मला शकुबाईकडं जाता आलं असतं. पण शकुबाईला सांगितलं म्हणजे विहिरीवर सांगितलं, आणि यांना संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

हाताला काहीतरी हवं म्हणून मी वही उघडली. "मंगळवार. प्रार्थना. तार ६४०. ज्वारी निवडली." खाली चार ओळी मोकळ्या. मी तेवढं उतरवलं, आणि मग माझ्या मनात ते आलं.

ही बाई मेलेली. मूलबाळ नाही, मागं कोणी नाही. कोणाला बोलायची नाही, कधी हक्क सांगायला यायची नाही. हिच्यासारखी सोयीची बाई दुसरी कोणती?

मी सूप आणलं. माणिकला त्यात निजवलं आणि सूप वहीसमोर ठेवलं. माझ्या नकलेत, ज्वारीच्या खाली, मी लिहिलं: "आज एक मुलगी माझ्या ओटीत आली. नाव गुलाब. आता ही माझी." नाव मुद्दाम दुसरं घातलं, हुडकत येणाऱ्याला माणिक सापडू नये म्हणून. आणि हळूच म्हटलं, "घ्या, बाई."

परत मागून घ्यायचं मी केलं नाही. कोंडाही ठेवला नाही. कागदावरच्या बाईकडून परत काय घ्यायचं, असं वाटलं.

हे परत आले तेव्हा दिवेलागण होत होती. माणिक घामानं भिजून, बोट चोखत, शांत पडली होती. औषधाची बाटली उघडावीच लागली नाही.

३

शुक्रवारी जुन्या वहीत होतं: "प्रार्थना. तार ३१०. ती झोपू देत नाही."

मी ते उतरवलं आणि टाक थांबला. ती म्हणजे कोण? केंद्रात बऱ्याच बायका होत्या. एखादी खोकणारी असेल, घोरणारी असेल. मी पुढं लिहिलं.

शनिवारी: "तार २८०. कुशीवर निजवली तरच निजते." खाली व्यवस्थापकांची तीच ती सही, तीच वाकडी रेघ. शाई तपकिरी, कागदात मुरलेली. मी बोट ओलं करून पुसून पाहिली. निघाली नाही.

आता मी सातवी शिकलेली बाई. रोज यांच्याकडून चार गोष्टी ऐकते. मी माझ्या मनाशी नीट मांडून पाहिलं. पुढचं पान वाचायचं नाही हा नियम मी पाळला होता, म्हणजे पुढं काय लिहिलंय ते मला माहीतच नव्हतं. कदाचित अडतीस साली केंद्रात खरंच एखादं अनाथ पोर आलं असेल. अन्नपूर्णाबाईंनी ते सांभाळलं असेल. हे सगळं सतरा वर्षं इथं लिहिलेलंच असेल, आणि मी फक्त आज तिथं पोचले.

असं असू शकतं. मी स्वतःला ते दिवसातून किती वेळा सांगितलं त्याला हिशेब नाही. माणिकही कुशीवर निजवली तरच निजत होती. पण पोरं निजतातच तशी.

माझी ती ओळ खोडून टाकावी म्हणून एकदा मी टाक उचलला. मग तो ताप आठवला. तशीच राहू दिली.

४

महिना संपता संपता तो आवाज सुरू झाला. दुपारचा, मी चटईवर बसल्यावर. वाटीत टकळी फिरते तसा, बारीक, घुमणारा, मग सूत गुंडाळायला थांबणारा आणि पुन्हा फिरणारा. आमच्या घरात टकळी नाही. मी छपराच्या कवेलूंवर पाहिलं, बाहेर जाऊन पाहिलं. शाळेत सूतकताईचा तास असतो, पण तो सकाळी.

माणिक रडत असली तरी त्या आवाजाला गप्प व्हायची. झोळीतून मान काढून पुढच्या खोलीकडं पाहायची आणि हसायची. माझ्याकडं पाहून नाही.

"कोनाशी बोलून राह्यली व हे पोरगी?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसं त्यांना लुगड्याच्या रंगावरून कळत. "माह्याशी त कधी एवढी गोष्टी करत नाई."

एकतीस जानेवारीला वहीत होतं: "तिच्या डाव्या कानामागे तीळ आहे. तिथे एरंडेल लावते." मी उठले, झोळीपाशी गेले, माणिकचा कान वळवला. तीळ होता. मी तो आजवर पाहिला नव्हता, आणि मी तिची आई. नाक जवळ नेलं. आमच्या घरी जवसाचं तेल असतं. तिच्या कानामागं एरंडेलाचा वास होता.

मी वही बंद केली आणि पेटीत कपड्यांच्या खाली घातली. दोन दिवस काढली नाही. दोन दिवस माणिकनं छाती तोंडात घेतली नाही. रडली पण नाही. पुढच्या खोलीकडं तोंड करून पडून राहिली. हे म्हणाले, दात येत असतील. तिसऱ्या दिवशी मी चटई अंथरली आणि राहिलेली पानं उघडली.

"तार ६४०. तिला आणले नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. "तार ६४०. तिला आणले नाही."

मी ते उतरवलं, जसं आहे तसं. आत माणिक दुधासाठी रडायला लागली.

त्या रात्री आत्याबाईंचे पाय चेपताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "आत्याबाई, सुपात घातलेलं पोर परत कसं घ्यायचं असतं?"

"जिनं घेतलं तिनंच आपल्या हातानं देवा लागते. सुपात कोंडा ठेवाचा, खण ठेवाचा. तिनं कोंडा उचलला का सौदा मिटला. आपुन उचलून आनली त चोरी होते."

"आणि तिनं दिलंच नाही तर?"

"काऊन देनार नाई? सहा सहा पोरं असते तिले. तिले कायले पाह्यजे सातवं?" आत्याबाई हसल्या. "म्हनूनच त भरल्या घरची बाई पाहतात. वांझोटीच्या ओटीत कोनी टाकते का?"

मी पाय चेपत राहिले.

५

तेवीस फेब्रुवारी, बुधवार. लीनाताई दुपारच्या मोटारीनं आल्या. नक्कल न्यायची होती. चटईवर बसल्या आणि चहा निवेपर्यंत वाचत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कांता, तुला कळतंय का, हे काय आहे?"

मी त्यांचा निवलेला चहा बाजूला सरकवला.

"तिच्या भावानं, नरहररावांनी, मला तोंडावर सांगितलं होतं की बहिणीला मूलबाळ नव्हतं. घरचे लपवतात. रोजनिशी लपवत नाही. चार वर्षं सुताचे आकडे लिहिणारी बाई इथं पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलते आहे. आणि त्या व्यवस्थापकानं खाली सह्या केल्यात. म्हणजे केंद्राला माहीत होतं. माझं अख्खं प्रकरण यावर उभं राहील."

"ताई," मी म्हटलं, "अठरा तारखेची ओळ तुमच्या पुस्तकात घालू नका. ती माझी आहे."

"तुझी म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं नाही. पोरगी तापली होती, मनाच्या समाधानासाठी मी तिथं एक ओळ लिहिली, एवढंच. मान वर करवत नव्हती. लीनाताई रागावतील, काम काढून घेतील, यांना सांगतील. सांगू देत, असं वाटलं. कोणीतरी ती ओळ काढून टाकावी.

लीनाताईंनी जुनी वही घेतली आणि अठरा जानेवारी काढला. मग माझ्याकडं पाहिलं, आजाऱ्याकडं पाहतात तसं.

"अगं, तू दमली आहेस. ही बघ."

ज्वारी निवडली, याच्या खाली, त्या मोकळ्या चार ओळींच्या जागी, तपकिरी शाईत, अन्नपूर्णाबाईंच्या उजवीकडं कललेल्या अक्षरात होतं: "आज एक मुलगी माझ्या ओटीत आली. नाव गुलाब. आता ही माझी."

वाळवीनं त्यातल्या "ही" ची वेलांटी अर्धी खाल्ली होती.

"शेवटचं पान कुठलं आहे, ताई?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

"वाचायचं नाही ना तू." त्या हसल्या, पण पान उलटलं. "चोवीस फेब्रुवारी, गुरुवार. त्याच रात्री गेली बहुतेक, कारण पुढं सगळं कोरं." आणि त्यांनी वाचलं. "'आज तिने मला आई म्हटले. आता लिहायला वेळ मिळणार नाही.'" त्यांनी वही मिटली. "बघ. सुखात गेली बिचारी."

दोन्ही वह्या पिशवीत घालून त्या मोटारीला गेल्या. मी दारात उभी राहिले. उद्या गुरुवार होता. माणिकला नववा महिना लागून आठ दिवस झाले होते.

६

गुरुवारी हे शाळेत गेल्यावर मी माणिकला न्हाऊ घातलं, पाजलं, आतल्या खोलीत झोळीत घातलं. आत्याबाईंना म्हटलं, हिच्यापाशीच बसा, कुठं जाऊ नका. मधलं दार लावलं नाही, लोटून घेतलं.

पुढच्या खोलीत चटई अंथरली. वही नव्हती, म्हणून नुसता पाट. समोर सूप. सुपात कोंडा, वर माझ्या लग्नातला हिरवा खण. उन्हाची तिरीप उंबऱ्यापर्यंत आली होती. टकळी फिरत होती. इतक्या जवळ की सूत ओढल्याचाही आवाज येत होता.

मी हात जोडले. "बाई, चूक झाली. माझं परत मागायचं राहिलं. कोंडा घ्या, खण घ्या, माझी पोरगी मला द्या."

टकळी फिरत राहिली.

"माझा एक गेलाय, बाई. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही रोज इथंच बसता. माझी मला द्या."

टकळी हळू झाली. वाटीच्या कडेला घासत गेली, आडवी पडली. मग इतकी शांतता झाली, की शाळेतून यांचा पाढे म्हणून घेतानाचा आवाज ऐकू आला. मी सुपाकडं पाहत होते. कोंडा तसाच होता. एक दाणासुद्धा हलला नव्हता. मी वाट पाहत होते, की तो हलेल.

आतून आत्याबाईंची हाक आली. "कांते, आयकलं का व? आई म्हनली पोरगी. चांगली तोंड भरून म्हनली."

मी चटईवरून उठले.

"आता काऊन गप झाली?" आत्याबाई म्हणाल्या. "आत्ताच त येऊन झोळीतून काढली तू तिले. पांढरं लुगडं कायले नेसली व आज, सवाशीन बाई तू?"

मी दार ढकललं. आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, तोंड कोपऱ्याकडं. झोळी रिकामी, हलत होती. माणिक कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. मान धरून, ताठ, आधी कधी बसली नव्हती तशी. तिच्या केसांना नुकतंच तेल लावून भांग पाडला होता. मुठीत सुताचं टोक होतं. ते सूत जमिनीवरून, माझ्या पायांजवळून, दारातून पुढच्या खोलीत गेलं होतं. आणि मी पाहत असताना ते दुसऱ्या बाजूनं, हळूच, ताणलं गेलं.

७

माणिक आता चार वर्षांची आहे. जिवंत आहे, आणि धडधाकट आहे. त्या दिवसापासून तिला कधी ताप आला नाही, पडशासुद्धा नाही. आत्याबाई म्हणतात, देवानं आयकलं. मी मागितलं होतं ते मला मिळालं, हे मी नाकारत नाही.

ती मला कांता म्हणते. "सगळे कांता म्हनतात त ते बी कांता म्हनते," आत्याबाई हसतात. हेही हसतात. कांता, पाणी दे. कांता, वेणी नको, आज झाली. दुपारी ती पुढच्या खोलीत एकटी खेळते. आई हा शब्द तिला येतो. मधल्या दारातून मी तो ऐकते.

गेल्या आठवड्यात लीनाताईंचं पुस्तक आलं. पहिल्या पानावर माझं नाव आहे, नक्कल करून दिल्याबद्दल. एकशेबाराव्या पानावर आहे: "अन्नपूर्णाबाईंना गुलाब नावाची एक मुलगी होती. त्यांच्या मृत्यूनंतर तिचे काय झाले, याची नोंद कुठेही सापडत नाही." आता ते छापलेलं आहे. नागपूरच्या लायब्रऱ्यांत जाईल. पुढं कोणी बाया शिकतील, त्या हेच वाचतील.

म्हणून ही नोंद मी करून ठेवते आहे, माझ्या वहीत, माझ्या अक्षरात. ती आंजीला आहे. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत. आत्ता पुढच्या खोलीत बसली आहे, आणि टकळी फिरते आहे.

गुलाब या नावानं मी तिला अजून एकदाही हाक मारलेली नाही. मी माणिक म्हणते. तीनदा, चारदा म्हणते. ती वळत नाही. दुसरं नाव कितीदा जिभेवर येतं आणि मी ते गिळते. कारण त्या नावानं हाक मारली तर ती लगेच वळेल, आणि आधी तिच्या मागं जे बसलंय त्याच्याकडं पाहील, जाऊ का म्हणून विचारायला.